घरात झडप नसेल तर मांजराचं येणं-जाणं कसं सांभाळावं?

मांजर पाळणाऱ्या घरात एक प्रश्न रोजचाच असतो: दार कोण उघडणार? मांजर आत असलं की त्याला बाहेर जायचं असतं, आणि बाहेर गेलं की पाच मिनिटांत परत आत यायचं असतं. युरोप-अमेरिकेत यासाठी दाराच्या खालच्या भागात एक छोटी झुलती झडप बसवतात. तिला कॅट फ्लॅप म्हणतात. मांजर ती डोक्यानं ढकलतं आणि आपलं आपण येतं-जातं. आपल्याकडे ही झडप क्वचितच दिसते आणि त्याला कारणंही आहेत. घर भाड्याचं असेल तर मालक दाराला भोक पाडू देत नाही. बऱ्याच घरांना बाहेरून लोखंडी जाळीचा दरवाजा असतो. तळमजल्यावर असं भोक ठेवलं तर त्यातून उंदीर, घुशी, पावसाळ्यात साप आणि मुहल्ल्यातले बोकेही आत शिरतात.

म्हणून आपल्या घरात झडपेचं काम माणसांनाच करावं लागतं. ते ठरवून केलं नाही तर मांजर कधी आत कोंडलं जातं, कधी बाहेर अडकतं. दोन्ही वेळी त्याचा जीव धोक्यात येतो. दार आपल्या हातात आहे, म्हणजे जबाबदारीही आपलीच आहे. ती कशी पार पाडायची, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

दीनमध्ये काय सांगितलं आहे?

मांजराबद्दलच्या दोन हदीस आपल्या घरांमध्ये नेहमी सांगितल्या जातात. दोन्हींचा संबंध या विषयाशी आहे.

पहिली हदीस हजरत अबू कतादा (रजि.) यांची आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आणि अबू दाऊद, तिर्मिजी यांच्या संग्रहांत ती येते. त्यांच्या सुनेनं, हजरत कबशा यांनी, वजूसाठी पाणी ठेवलं होतं. तेवढ्यात मांजर आलं, तर हजरत अबू कतादांनी भांडं तिरकं करून त्याला पाणी पिऊ दिलं. सुनेला नवल वाटलं. तेव्हा त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांचं म्हणणं सांगितलं: मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभोवती सारखं फिरणाऱ्यांपैकी आहे. हदीसमधला मूळ अरबी शब्द ‘तवाफ’ याच धातूपासून आलेला आहे. मांजराचं सतत आत-बाहेर करणं हा त्याचा स्वभाव आहे, हे तिथे मान्य केलेलं दिसतं. मांजराच्या उष्ट्या पाण्याचा मसला शाफई आणि हनफी फिकहमध्ये थोडा वेगळा सांगितला जातो. कोकणातली बरीच घरं शाफई आहेत, तर देशावर आणि मराठवाड्यात हनफी जास्त. आपल्या मसलकप्रमाणे आलिमांना विचारून घ्यावं.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. तिनं त्याला खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला बाहेरही सोडलं नाही. ते मेलं, आणि त्याबद्दल तिला अजाब झाला. यात मांजर घरात ठेवण्याला मनाई नाही. पकड आहे ती दार बंद करून त्याला विसरून जाण्याची.

आधी ठरवा: आपलं मांजर बाहेर जाण्यासारखं आहे का?

प्रत्येक मांजराला बाहेर सोडलंच पाहिजे असं नाही. बैठं घर, वाडी, अंगण, गल्लीत वाहनं कमी, अशा ठिकाणी मांजर बाहेर जाऊन सुखरूप परत येऊ शकतं. पण मोठ्या रस्त्यालगतचं घर असेल, गल्लीत भटक्या कुत्र्यांची टोळी असेल किंवा आपण वरच्या मजल्यावर राहत असू, तर मांजर घरातच ठेवलेलं बरं. उंचावरून पडलेलं मांजर पायावर उतरतं हे खरं, पण जबडा, छाती आणि पायांना गंभीर इजा होते. फ्लॅटमध्ये खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत जाळी लावावी. मांजराला खेळायला, चढायला आणि नखं घासायला जागा द्यावी.

मांजर नवीन आणलं असेल किंवा आपण घर बदललं असेल, तर निदान दोन-तीन आठवडे ते घरातच ठेवा. घराचा वास आणि खाण्याची जागा ओळखीची झाली की मगच बाहेर सोडा. पहिल्यांदा सोडताना ते उपाशीपोटी असावं, म्हणजे भुकेनं लवकर परत येतं.

वेळ ठरवा: उजेडाबरोबर बाहेर, मगरिबच्या आधी आत

झडप नसेल तर सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ठरलेली वेळ. मांजराला वेळ फार चांगली कळते. पहाटे आणि संध्याकाळी ते सर्वांत जास्त चपळ असतं. आपल्या नमाजच्या वेळाही सूर्यावर चालतात, त्यामुळे हा मेळ सहज बसतो. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सव्वासातनंतर. मांजराची वेळही तशीच मागे-पुढे होते. म्हणून घड्याळापेक्षा नमाजची वेळ धरणं सोपं पडतं.

सकाळी फजरनंतर लगेच अंधारात सोडू नका. चांगलं उजाडू द्या, मग दार उघडा. संध्याकाळचं मुख्य खाणं मगरिबच्या थोडं आधी द्या, आणि तेही घरातच. बाहेरच्या ओट्यावर ते वाढू नका. पोट भरायला घरात यावं लागतं हे एकदा कळलं की मांजर स्वतःच दारात येऊन बसतं. ते आत आलं की दार लावा आणि रात्री उघडू नका. रात्री गाड्या जोरात जातात, कुत्रे मोकळे असतात आणि बोक्यांच्या मारामाऱ्याही तेव्हाच होतात. रात्रीसाठी घरात रेतीचा ट्रे आणि पाण्याचं भांडं ठेवा.

मांजर रात्री दारावर नखं मारून ओरडलं तर सुरुवातीला काही रात्री त्रास होईल. तेव्हा दार उघडलं तर ओरडल्यावर दार उघडतं हेच ते शिकतं. झोपण्याआधी दहा मिनिटं दोरी-चेंडूनं खेळवा आणि थोडं खायला द्या. हळूहळू ते शांत झोपू लागतं.

हाकेची सवय लावा

एकच आवाज ठरवा. कोरड्या खाद्याचा डबा खुळखुळवणं, वाटीवर चमचा वाजवणं किंवा ठरावीक हाक, यांपैकी काहीही चालेल. दर वेळी खायला देताना तोच आवाज करा. आठ-पंधरा दिवसांत मांजर त्या आवाजाला धावत येऊ लागतं. हा आवाज खायला देण्यासाठीच ठेवा. त्याच आवाजानं बोलावून औषध पाजलं किंवा अंघोळ घातली तर पुढच्या वेळी ते येणार नाही.

बाहेर जायचं आहे हे मांजरालाही सांगता यावं म्हणून दाराच्या कडीला दोरीनं एक घंटी खाली लोंबती ठेवा. घंटी वाजली की दार उघडायचं. बरीच मांजरं हे लवकर शिकतात.

खिडकीची वाट

घरात माणसं असताना खिडकीची वाट सोयीची पडते, पण त्यासाठी बाहेरून पक्कं ग्रिल हवं. मोठ्या मांजराला साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच रुंद आणि तेवढीच उंच जागा पुरते. मांजराच्या खांद्याची हाडं माणसासारखी जखडलेली नसतात, त्यामुळे डोकं गेलं की बहुतेक वेळा अंगही जातं. अंगानं बारीक मांजर चार इंचांच्या फटीतूनही निघून जातं. ज्यांना मांजर घरातच ठेवायचं आहे त्यांनी ग्रिलवर भरवसा ठेवू नये.

सरकती खिडकी सहा इंच उघडून तिच्या खाचेत मापाची लाकडी पट्टी आडवी टाका, म्हणजे ती वाऱ्यानं किंवा मुलांच्या हातून बंद होणार नाही. पाखाच्या खिडकीला आकडी लावा. खिडकी उंच असेल तर बाहेरून एक फळी तिरकी टेकवा आणि तिला गोणपाट गुंडाळा, म्हणजे पाय घसरत नाही. दारही वाऱ्यानं आपटतं आणि शेपटी किंवा पंजा चिरडतो, म्हणून दाराला अटकाव हवाच. आतल्या बाजूला गोणपाट अंथरलं तर पावसाळ्यात ओले पाय तिथेच पुसले जातात आणि जानमाज स्वच्छ राहते.

घरी कुणी नसेल तेव्हा

सगळे कामाला आणि मुलं शाळेला, असं घर असेल तर मांजर शक्यतो आत ठेवूनच कुलूप लावा. हे जमत नसेल तर पडवीत, ओट्याखाली किंवा जिन्याखाली आसरा करा. लाकडी खोका किंवा थर्माकोलचा डबा जमिनीपासून फूटभर उंच ठेवा आणि आत कोरडं गोणपाट घाला. कोकणात पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून खोक्याचं तोंड त्या दिशेला नसावं. पाणी रोज बदला. मुंग्या होऊ नयेत म्हणून खाण्याची वाटी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा.

दाराजवळची पाटी

एकत्र कुटुंबात खरा गोंधळ होतो तो कुणालाच नक्की माहीत नसल्यामुळे. अम्मीला वाटतं मांजर माळ्यावर झोपलंय, मुलांना वाटतं ते बाहेर गेलंय. आम्ही शाळेत मुलांना पाट्या करायला लावतो, तशीच एक पाटी इथे कामाला येते. एका पुठ्ठ्यावर एका बाजूला ‘आत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बाहेर’ लिहा आणि तो दाराजवळ टांगा. जो दार उघडेल त्यानं पाटी उलटायची. वाचता येणारं लहान मूलही हे काम आनंदानं करतं. मांजरं दोन असतील तर पाट्याही दोन.

लग्नाला, गावाला किंवा ईदला बाहेरगावी जाताना पाटीवरही विसंबू नका. मांजर डोळ्यांनी पाहा, मगच कुलूप लावा. कपाटं, माळा, पलंगाखालचा कप्पा, न्हाणीघर, सगळं बघा. पाण्याच्या टाकीचं झाकण लावलेलं असू द्या. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. म्हणून मागे कुणाला तरी किल्ली देऊन जा. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. थंडीत मांजरं गरम इंजिनाजवळ जाऊन झोपतात.

ईद, रमजान आणि पतंग

रमजानमध्ये सहरी आणि तरावीहच्या वेळी दार सारखं उघडतं. तेवढा वेळ मांजर एका खोलीत ठेवा. ईदला पाहुण्यांची वर्दळ असते, तेव्हाही तसंच करा. बकरी ईदला गोश्ताच्या वासानं कुत्रे जमतात, म्हणून ते दोन-तीन दिवस मांजर बाहेर सोडू नका. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे तुकडे घशात आणि आतड्यात टोचतात. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा तारांवर आणि झाडांवर अडकलेला असतो, तेव्हाही सांभाळावं.

बाहेर जाणाऱ्या मांजराची तब्येत

बाहेर जाणाऱ्या मांजराला रेबीजची लस दिलीच पाहिजे. पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर वर्षी. कुणाला मांजर चावलं किंवा त्याचं नख खोल लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद किंवा तिखट भरत बसू नका.

घरात गरोदर बाई असेल तर रेतीचा ट्रे तिनं साफ करू नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी बाधक होतो, म्हणून ट्रे रोज साफ झाला पाहिजे, आणि ते काम दुसऱ्या कुणीतरी करायचं.

मांजरीला चार-पाच महिन्यांच्या वयातही गर्भ राहू शकतो आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. बाहेर मोकळी सोडायची असेल तर नसबंदीचा विचार करावाच लागतो. याच्या शरई हुकमाबद्दल फुकहांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारा. पिल्लं झाली की बाजारात किंवा मस्जिदीच्या आवारात नेऊन सोडणं हा काही मार्ग नाही. पाळीव जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हा आहे.

शेजाऱ्यांशी आधीच बोला

दार आपण उघडतो, पण मांजर जातं शेजाऱ्यांच्या अंगणात. त्यांच्या कुंड्यांत घाण केली, कबुतरं पकडली, दुधात तोंड घातलं तर राग येणारच. शेजाऱ्यांचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला जातो हे सांगायला नको. म्हणून तक्रार येण्याआधी आपणच जाऊन सांगा की मांजर आमचं आहे, त्रास झाला तर आम्हाला कळवा. कुणाच्या दारात घाण झाली तर आपल्या घरातल्यांनी जाऊन साफ करावी. त्याच वेळी हेही माहीत असावं की जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मांजराच्या गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा असावा. तो ओढ बसली की सुटणारा घ्या, नाहीतर फांदीला अडकून फास बसतो.

मांजर परत आलं नाही तर

एक रात्र उलटली तर वाट पाहत बसू नका. हरवलेलं मांजर बहुतेक वेळा जवळपासच कुठेतरी लपलेलं किंवा कोंडलेलं असतं. आजूबाजूची गोदामं, शटर लावलेली दुकानं, बंद घरांचे माळे, बांधकामाच्या जागा आणि पार्किंग बघा. मुहल्ल्यातली काही दुकानं जुम्याला बंद असतात. गुरुवारी संध्याकाळी शटरखालून आत गेलेलं मांजर शनिवारपर्यंत आतच राहतं. दुकानदाराला फोन करून शटर उघडायला सांगण्यात संकोच नको. रात्री सामसूम झाल्यावर ठरलेला आवाज करत फिरा, थांबा आणि कान देऊन ऐका. मस्जिदीच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका.

यातलं कुठलंच काम खर्चाचं नाही. एक पुठ्ठा, एक लाकडी पट्टी, खाद्याचा डबा आणि घरातल्या सगळ्यांनी पाळलेली एक वेळ, एवढं पुरतं. रोज कुलूप लावताना आणि रात्री कडी घालताना एकच प्रश्न विचारायची सवय मुलांना लावा: मांजर कुठे आहे?