अनुकंपेचा अर्ज

गेल्या महिन्यात आमच्या गावचा एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. सैन्यात आहे, सुट्टीवर आला होता. वडिलांचे डायलिसिस सुरू झाले आहे, आठवड्यातून दोनदा त्यांना नगरला न्यावे लागते. घरात आई आणि शाळेत जाणारी बहीण. घराजवळ बदली मिळावी म्हणून त्याने केलेल्या अर्जाला सात महिने झाले, उत्तर नाही. "गुरुजी, पुन्हा एक अर्ज करायचाय. मुद्दे तुम्ही काढून द्या, हिंदी मी करतो," म्हणाला.

मी हो म्हटले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण असाच एक अर्ज मी तीस वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि तो चुकला होता. तो का चुकला हे सांगायचे तर आधी आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात जावे लागेल. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण माझ्या पिढीच्या तोंडात अजून 'नगर'च बसले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि कार्यकारिणीतील बाराजण या किल्ल्यात आणून ठेवले. अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद त्यांत होते. त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होती. मार्च १९४३ मध्ये तिची प्रकृती बिघडल्याच्या बातम्या आल्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मौलानांना सांगितले, की तुम्हाला सरकारला काही कळवायचे असेल तर मी ते ताबडतोब मुंबईला पाठवतो. नेहरूंनीही त्यांच्याशी बोलून पाहिले. मौलाना म्हणाले, मला सरकारकडे कसलीही विनंती करायची नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगम गेल्या. दुपारी तार हातात पडली. मौलाना सुटले ते जून १९४५ मध्ये, आणि कलकत्त्यात उतरल्यावर पत्नीच्या कबरीवर गेले.

नेहरूंनी त्यांच्याशी बोलावे यालाही अर्थ होता. सप्टेंबर १९३५ मध्ये नेहरूंना अल्मोड्याच्या तुरुंगातून मुदतीआधी सोडले होते, कारण कमलाबाई जर्मनीत बाडेनवायलरला अत्यवस्थ होत्या. २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानला त्या वारल्या तेव्हा नेहरू जवळ होते. त्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त लिहिले, आणि ते पुस्तक लिहिले आमच्या याच किल्ल्यात. एकाच भिंतीआड दोन माणसे. एकाला पत्नीच्या उशाशी बसता आले, दुसऱ्याने तशी विनंती करायलाच नकार दिला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी हा प्रसंग वर्गात किती वेळा सांगितला असेल! मौलानांचा तो नकार सांगताना माझा आवाज चढायचा. स्वाभिमान म्हणजे काय, तर हा. मुलेही गप्प होऊन ऐकायची.

आता सैन्याकडे वळू. नगर हे १८०३ पासून, म्हणजे वेलस्लीने किल्ला घेतला तेव्हापासून, फौजेचे गाव आहे. आणि फौजेच्या गावात वाट पाहणे हे पाणी भरण्याइतके रोजचे काम असते. शेजारच्या देवळालीचेच उदाहरण घ्या. मुदत संपलेल्या गोऱ्या सोजिरांना विलायतेला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत ठेवत. बोटी हिवाळ्यात निघत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने तिथेच पडून राहायचे. ना काम, ना घर. त्यात काहींची डोकी फिरत. इंग्रजीत वेडसर माणसाला 'डुलाली' म्हणतात, तो शब्द या देवळालीचा. पूर्वी त्याला 'टॅप' अशी शेपटीही होती, म्हणजे आपला ताप! वाट पाहण्याने माणसाला ताप चढतो हे गोऱ्या शिपायांनी आपल्या मातीतून शिकून नेले.

आपल्या शिपायांचे हाल तर विचारू नयेत. १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलेला हिंदी जवान जखमी झाला तर इंग्लंडच्या इस्पितळात बरा व्हायचा आणि पुष्कळदा पुन्हा खंदकात जायचा. घरी लिहिलेल्या पत्रांतून त्याची तगमग दिसते. ती आपल्याला आज वाचता येते, कारण सेन्सॉर अधिकाऱ्यांनी त्या पत्रांतले उतारे उतरवून ठेवले. दुःख नोंदले गेले. त्यावर उपाय करणे हे मात्र त्या खात्याचे काम नव्हते.

जवानाला घरी हजर राहता येत नाही हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. १९२५ सालचा एक कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट. आघाडीवरच्या जवानाविरुद्ध बांधाबिंधाचा दावा चालू असेल, तर कोर्टाला तो थांबवता येतो. म्हणजे शिपाई येईपर्यंत शेताचा बांध थांबू शकतो. आईचे दुखणे कसे थांबणार? त्याला कायदा नाही, तिथे फक्त अनुकंपा. बदली हा हक्क नाही. लष्करी न्यायाधिकरणाचा २००७ चा कायदा आला, त्यातही बदल्या आणि रजा हे दोन विषय न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेरच ठेवले.

यात सैन्याचीही बाजू आहे. जवानाचा अर्ज कंपनीकडून कमांडिंग ऑफिसरकडे, तिथून रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. घरची परिस्थिती खरी आहे का याची गावाकडून खातरजमा होते. मग घराजवळ जागा रिकामी आहे का ते पाहायचे. आणि सीमेवरून एक माणूस काढला की त्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला पाठवावे लागते. त्याचेही आईवडील म्हातारेच असतात. आमच्या नगरमध्येच आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री यांची रेकॉर्ड ऑफिसे आहेत. म्हणजे राजस्थान-पंजाबातल्या कितीतरी घरांचे डोळे नगरकडे लागलेले असतात आणि आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या पोरांचे बेळगावकडे. प्रत्येकाची फाइल दुसऱ्याच्या गावात!

तर ती तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. साल १९९२. माझा एक जुना विद्यार्थी ईशान्येकडे होता. वडील नव्हते. आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलत होती, पण उठता येत नव्हते. मुलाने तिकडून अर्ज केला आणि इकडून आईच्या नावाने एक अर्ज जावा म्हणून तिचा भाऊ माझ्याकडे आला. मी मोठ्या तब्येतीने अर्ज लिहिला. भाषा संयत. रडगाणे नाही. 'माझा मुलगा देशसेवा करीत आहे याचा मला अभिमान आहे. शक्य झाल्यास विचार व्हावा.' असे वाक्य मी त्या माउलीच्या तोंडी घातले आणि त्यावर तिचा डाव्या हाताचा अंगठा घेतला. तिला विचारले नाही. वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, यात मला पाणी कोण पाजतं ते नाही आलं." मी म्हटले, "मावशी, ते त्यांना समजतं."

नाही समजले. समजणार तरी कसे? आठ महिने गेले. पोस्टमन दिसला की ती विचारायची. मग एकच कागद आला, की दाखले जुने झाले आहेत, नवे पाठवा. मी ते घेऊन तालुक्याला एका जुन्या कारकुनाकडे गेलो. स्वतः माजी सैनिक. त्याने माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "गुरुजी, अर्ज छान आहे. पण हे वाचून असं वाटतं की बाईंचं बरं चाललंय."

दुसरा अर्ज त्याने सांगितला तसा लिहिला. रात्री कूस कोण बदलते. दवाखाना किती किलोमीटर. एसटी किती वाजता. शेजारीण आजारी पडली तेव्हा दोन दिवस बाई कशा राहिल्या. पाच महिन्यांत बदली झाली. मुलगा घराजवळच्या एन.सी.सी. युनिटला आला. पण मधल्या काळात बाईंना दुसरा झटका येऊन वाचा गेली होती. पुढे दीड वर्ष त्या जगल्या, मुलाच्या हातून जेवल्या, त्याच्याकडे बघत राहिल्या. एक शब्दही बोलल्या नाहीत.

पहिल्याच अर्जात हे सगळे लिहिले असते तर? कदाचित तेवढाच वेळ लागला असता. फायली कशा हलतात हे मला काय माहीत. पण एवढे खरे, की मी तिच्या दुःखावर माझा स्वाभिमान खर्च केला. मुलगा आजही भेटला की पाया पडतो. त्याने कधी विषय काढला नाही, आणि मलाही काढायचा धीर झालेला नाही.

त्यानंतर मी मौलानांचा प्रसंग वर्गात सांगताना थांबू लागलो. त्यांचे मोठेपण माझ्या लेखी तसूभरही कमी झाले नाही. उलट, आपला वरवरचा शांतपणा म्हणजे अहंकाराने वठवलेली भूमिका होती, असे त्यांनी त्या दिवसांबद्दल स्वतःच किल्ल्यातून लिहून ठेवले आहे. एवढा प्रामाणिकपणा किती जणांकडे असतो? पण कलकत्त्याला अंथरुणावर पडलेल्या झुलेखा बेगमना काय वाटत होते, हे मी इतकी वर्षे मुलांना कधी विचारलेच नव्हते. विनंती न करण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्याचा. दुसऱ्याचा अर्ज लिहिणाऱ्याला तो नाही.

असो. परवा त्या मुलाच्या घरी जाऊन बसलो. त्याच्या वडिलांनाच विचारले, "काय लिहू? तुम्ही सांगा." ते बराच वेळ बोलले. नगरला जाताना जीपमध्ये मळमळते, येताना पोरीच्या खांद्यावर मान टाकावी लागते, तिची परीक्षा बुडाली, याची लाज वाटते. मी सगळे लिहून घेतले, तारखांसकट. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, फार रडगाणं तर नाही ना झालं?"

मी म्हटले, "नाही. झालं तर होऊ द्या."

अर्ज गेला आहे. उत्तर यायचे आहे.