ग्रीवा रोहिणी शस्त्रक्रियेतील श्राव्यातीत रक्तप्रवाहमापन

मेंदूकडे जाणारी मानेतील रोहिणी मेदयुक्त थराने अरुंद झाल्यास ती उघडून तो थर काढतात. या शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूतील रक्तप्रवाहाचा वेग श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) ध्वनितरंगांनी मोजता येतो.

मायकेल डबेकी यांनी ह्यूस्टन येथे १९५३ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. परंतु तिचा सविस्तर वृत्तांत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात फेलिक्स ईस्टकॉट व सहकाऱ्यांनी रोहिणीचा रोगट भाग कापून टोके जोडली आणि त्याच वर्षी वृत्तांत छापला. त्यामुळे प्रसाराचे श्रेय बव्हंशी त्यांना जाते. मेंदूची ऑक्सिजनाची गरज कमी व्हावी म्हणून त्यांनी रुग्णाचे शरीर थंड केले होते. रोहिणी चिमट्याने बंद केल्यावर मेंदूची ती बाजू मुख्यतः तळाच्या रोहिणी-वलयातून येणाऱ्या रक्तावर विसंबते आणि हे वलय अनेकांत अपूर्ण असते. पुढे रक्त वळविण्यासाठी तात्पुरती नलिका वापरात आली. पण ती बसवितानाच थराचा कण सुटून मेंदूत जाण्याचा धोका असतो. नलिका नेमकी कोणाला हवी, हा खरा प्रश्न होता.

गतिमान पदार्थावरून परतलेल्या तरंगाची कंप्रता बदलते, हे तत्त्व क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये ताऱ्यांच्या संदर्भात मांडले. शिगेओ सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात ओसाका येथे ते हृदयाच्या हालचालींना लावले. कवटीचे हाड मात्र ध्वनी अडवी. रूने आस्लिद यांनी १९८२ मध्ये कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगॅहर्ट्‌झचे तरंग सोडून मेंदूच्या मध्य रोहिणीतील वेग मोजला, आणि शस्त्रक्रियागृहास हवे ते साधन मिळाले. चिमटा लावल्यावर वेग पूर्वीच्या १५ टक्क्यांपर्यंत वा त्याखाली आल्यास रक्तन्यूनता तीव्र समजतात.

यंत्राने न विचारलेलेही सांगितले. मेरिल स्पेन्सर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रोहिणीतून वाहणाऱ्या कणांचे व बुडबुड्यांचे क्षणिक, चिवचिवाटासारखे ध्वनी नोंदविले. रोहिणी हाताळतानाच ते ऐकू आल्यास शल्यचिकित्सक हात आवरतो. शस्त्रक्रियेनंतर ते सतत येत राहिल्यास जोडाच्या जागी गुठळी धरत असल्याची शंका घेतात. अपुऱ्या प्रवाहाइतकीच, किंबहुना अधिक, भीती या कणांची आहे, असे मत त्यातून बळावले.

या पद्धतीने वेग कळतो, रक्ताचे प्रमाण नव्हे. काहींचे, विशेषतः वृद्ध स्त्रियांचे, कानशिलाचे हाड तरंगांना वाट देत नाही. अशा वेळी विद्युत् मस्तिष्कालेखन किंवा स्थानिक बधिरीकरणाखाली जाग्या ठेवलेल्या रुग्णाशी बोलत राहणे, हे मार्ग उरतात.