दुसऱ्याचा निरोप

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या. ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ या दोन्ही केबल मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या. भारतातले इंटरनेट मंदावले, पण ठप्प झाले नाही. दूरसंचार कंपन्यांनी संदेशांची वाहतूक पूर्वेकडे, सिंगापूर आणि प्रशांत महासागरमार्गे वळवली. त्यासाठी इतरांच्या केबलमधली जागा वापरली.

दुसऱ्याचा निरोप पुढे नेण्याची ही रीत जुनी आहे. पूर्वी युरोपात अनेक सीमांवर तारेचा मजकूर कागदावर उतरवून पलीकडच्या कचेरीत द्यावा लागे. १८६५ मध्ये पॅरिसला २० राष्ट्रांनी करार केला आणि तारा पोचवण्याचे समान नियम ठरवले. केबल दुरुस्त होईपर्यंत २००८ मध्ये आपले काम चालले, ते याच परंपरेमुळे.