पाच टप्पे कोणाच्या शोकाचे?

नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याचं मन या पाच टप्प्यांतून जातं, हे आता समुपदेशकापासून रविवारच्या पुरवणीपर्यंत सगळे गृहीत धरतात. या मताचा एक उपकार मानलाच पाहिजे. बाप गेल्याचा राग बापावरच येतो तेव्हा त्यात पाप नाही, हे त्याने अनेकांना सांगितलं. पण मत म्हणून ते टिकत नाही.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते शिकागोच्या रुग्णालयातल्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्यांचं ते वर्णन होतं. ते मागे राहिलेल्यांना नंतर लावलं गेलं.

टप्पेवादी २००७ सालच्या येलच्या अभ्यासाचा हवाला देतात. त्यात २३३ शोकग्रस्तांमध्ये एकेका भावनेचा भर ठरल्या क्रमाने आला, हे खरं. पण त्याच अभ्यासात स्वीकाराची भावना पहिल्यापासून सर्वांत प्रबळ होती आणि दुःखद भावनांत सतत वरचढ राहिली ती गेलेल्या माणसाची ओढ. प्रचलित पाचांच्या यादीत या ओढीला जागाच नाही! जी यादी शोकाचा गाभाच वगळते, तिच्यावरून कोणाचं मन कसं जोखायचं?

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली उपपत्ती मला अधिक खरी वाटते. मन हानीकडे जातं, तिथून रोजच्या कामांकडे वळतं, पुन्हा हानीकडे येतं. नवरा गेलेली बाई बँकेत मृत्यूचा दाखला जोडून वारसाचा अर्ज शांतपणे भरते. संध्याकाळी फडताळात त्याच्या बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडते आणि ती मटकन खाली बसते. सकाळचा तो नकार नव्हता आणि संध्याकाळची ती घसरणही नव्हे. तरीही 'ती रडलीच नाही, अजून तिने मनाला लावून घेतलेलं नाही' अशी कुजबुज दुखवट्याला आलेल्यांत होतेच. हा अन्याय आहे.

स्वीकार म्हणजे नातं संपवणं, हेही खरं नाही. दरवर्षी पितृपक्षात गेलेल्याच्या आवडीचं पान वाढणारं घर त्याला विसरत नाही, आणि त्या घराचं काही बिघडतही नाही. म्हणून मी प्रत्येक रूढीची बाजू घेतो असं नाही. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हा शोक नव्हे, छळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून तो थांबवला, हे उत्तमच झालं.

उरतात ती थोडी माणसं, ज्यांचा शोक महिनोन् महिने निवळत नाही आणि रोजचं जगणंच ठप्प होतं. त्यांना उपचार लागतात. कॅथरीन शिअर यांनी अशांसाठी बेतलेली पद्धत २००५ सालच्या चाचणीत नेहमीच्या एका मानसोपचारापेक्षा गुणकारी ठरली. तिच्यात मृत्यूची हकीगत पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, आणि त्याच उपचारांत पुढे काय करायचंय याचे बेतही आखायला लावतात.