साथीच्या काळातील आजारी विद्यार्थी आणि शाळेचे कर्तव्य

साथ आली की चर्चा ‘शाळा बंद की चालू’ एवढ्यावरच अडते. 2009 च्या स्वाइन फ्लूने या चर्चेच्या मर्यादा दाखवल्या. 3 ऑगस्टला पुण्यात 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो भारतातील पहिला बळी. त्यानंतर शहरातील शाळा बंद झाल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानेही आरंभी, रुग्ण आढळलेल्या शाळा 14 दिवसांपर्यंत बंद ठेवण्यास सुचवले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो सल्ला बदलला आणि भर आजारी मुलाला घरी ठेवण्यावर आला.

आजारी मुलाला घरी ठेवण्याच्या नियमावलीचे तीन टप्पे आहेत. पहिला, ओळख. ताप आणि सोबत खोकला किंवा घसादुखी एवढी लक्षणे शिक्षकाला पुरतात. निदान हे डॉक्टरांचे काम. दुसरा, विलगीकरण. पालक येईपर्यंत मुलाला हवेशीर, वेगळ्या खोलीत बसवावे, मास्क द्यावा, जवळ एक मोठे माणूस असावे. ताप उतरवण्यासाठी अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये. फ्लूमध्ये त्याने मुलांना रेय सिंड्रोम हा गंभीर विकार होऊ शकतो. दमा, मधुमेह असलेल्या मुलांना लगेच डॉक्टरांकडे पाठवावे.

तिसरा टप्पा परतण्याचा, आणि सर्वांत नाजूक. तापाचे औषध न घेता 24 तास ताप नसावा, ही 2009 ची अट. पॅरासिटामॉलने ताप दबतो, विषाणू जात नाही; म्हणून ‘औषध न घेता’ हे शब्द कळीचे. तरीही ही तडजोडच आहे. फ्लूचा संसर्ग लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस पसरू शकतो, लहान मुलांत त्याहूनही अधिक. म्हणून साथ तीव्र झाल्यास घरी राहण्याची मुदत सात दिवसांपर्यंत वाढवण्याची तरतूद होती. लक्षणांआधीचा संसर्ग दारावरच्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी उघड्या खिडक्या आणि साबणपाणी रोजच हवे.

परंतु हे सारे पालकांच्या सहकार्यावर उभे आहे. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस, चुकलेली चाचणी, बुडणारी मजुरी आणि दुपारचा पोषण आहार, ही तापातही मूल शाळेत येण्याची खरी कारणे. म्हणून आजारपणाची रजा हजेरीत धरणे, चाचणी पुन्हा घेणे आणि शिधा घरी पोहोचवणे ही आरोग्याचीच कलमे मानली पाहिजेत. घरी राहिल्याने मुलाचे नुकसान होत असेल, तर पालक ताप लपवतील आणि उत्तम नियमही कागदावरच राहील.