इलेक्ट्रिक गिटारची नेक घरी कशी बनवायची? लाकूड, ट्रस रॉड आणि पडद्यांचं गणित

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पिकअपमधून येतो, पण ती सुरात वाजते की नाही हे ठरवते तिची नेक, म्हणजे बॉडीपासून खुंट्यांपर्यंतची लांब मान. बॉडीचा आकार थोडा वाकडा झाला तरी चालून जातं. नेकमध्ये एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर कानाला कळतं. म्हणूनच हौसेने गिटार बनवणारे बरेच जण बॉडी स्वतः करतात आणि नेक तयार विकत घेतात. हाताने नेक करायची असेल तर काय सांभाळावं लागतं, ते पाहूया. लाकूड आणि हवा गावागणिक बदलते, म्हणून उदाहरणाला बीड जिल्हा घेऊ.

नेकवर किती ताण येतो?

नेहमीच्या ‘१० ते ४६’ जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो होतो. सिमेंटच्या गोणीपेक्षा जरा कमी, पण रात्रंदिवस. या ओढीने नेक पुढे वाकते. त्यावर उपाय म्हणजे आत बसवलेली पोलादी सळई, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅक्ह्यू यांना १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आज हौशी कारागिरासाठी दोन्ही बाजूंनी फिरणारा ‘डबल अ‍ॅक्शन’ रॉड सोयीचा, कारण नेक पुढे वाकली किंवा मागे, दोन्ही दुरुस्त करता येतं.

मिरजेच्या सतारीपेक्षा वेगळं काय?

तंतुवाद्यं बनवण्याची मोठी परंपरा मिरजेत आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारीची दांडी आतून पोकळ असते आणि पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला तर वादक पडदा सरकवतो. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात ठोकून बसवतात. एकदा बसले की सरकत नाहीत. त्यामुळे सगळी अचूकता करवत लावायच्या आधीच आणावी लागते.

लाकूड कोणतं घ्यायचं?

कारखान्यात मेपल किंवा महोगनी वापरतात. बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या वखारीत सहसा ती मिळणार नाहीत, सागवान मिळेल. जुन्या दार-चौकटीचा साग उत्तम, कारण तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो. मात्र खिळे तपासून घ्या. फळीत गाठ नको, आणि रेषा लांबीला समांतर सरळ हव्यात. फिंगरबोर्डला शिसम चांगलं.

सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे डिंक नीट धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी जोडाची बाजू अ‍ॅसिटोनने पुसा. साग आणि शिसम दोन्हींच्या भुशाने त्वचेला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो, मास्क लावाच.

आता हवा. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते. पावसाळ्यात लाकूड ओल शोषतं. लांबीत फरक नगण्य, पण रुंदीत लाकूड फुगतं-आकसतं. म्हणून फळी आणल्याबरोबर कापू नका. काही आठवडे घरात, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवा. आधी जाडसर कापा, आठवडाभर थांबा, मग अंतिम मापाला रंधा मारा. पीळ पडायचा असेल तर या मधल्या काळात पडतो आणि काढूनही टाकता येतो.

पडद्यांचं गणित

सप्तकात १२ समान अर्धस्वर असतात. त्यामुळे उरलेल्या तारेच्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागलं की पुढच्या पडद्याचं अंतर मिळतं. ६४८ मिमी स्केलसाठी नटपासूनची अंतरं:

- १ला पडदा: ३६.४ मिमी
- ५वा: १६२.५ मिमी
- ७वा: २१५.५ मिमी
- १२वा: ३२४ मिमी (बरोबर निम्मं)
- २२वा: ४६६.२ मिमी

प्रत्येक खूण नटपासूनच मोजा. एका पडद्यापासून दुसरा मोजत गेलात तर चुका साठत जातात. २२व्या पडद्यापाशी १ मिमी चूक म्हणजे अर्धस्वराचा जवळपास दहावा हिस्सा.

कामाचा क्रम

१. फळी चौकोनी असतानाच मध्यरेषा आखा आणि ट्रस रॉडची खाच पाडा. कडा सरळ असतात तोवरच हे अचूक होतं.

२. फिंगरबोर्डही आयताकृती असतानाच गुण्या लावून पडद्यांच्या खाचा कापा. खाच साधारण ०.६ मिमी रुंद हवी. जाड करवतीने पडदे सैल बसतात.

३. नेकचा आकार कापा: नटपाशी ४२-४३ मिमी, बॉडीकडच्या टोकाला ५६ मिमी.

४. रॉड बसवून फिंगरबोर्ड चिकटवा. डिंक रॉडच्या खाचेत जाऊ देऊ नका. पाण्यावर आधारित डिंक पातळ थरातच लावा आणि शिकंजे एक दिवस ठेवा.

५. फिंगरबोर्डला गोलाई द्या, पडदे ठोका, मग मागची बाजू कानशीने आणि पॉलिश पेपरने घडवा. पहिल्या पडद्यापाशी जाडी २१ मिमीच्या आसपास ठेवा. खाचेखाली किती लाकूड उरतंय, ते आधी मोजा.

६. तारा लावा. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून धरल्यावर सातव्या-आठव्या पडद्यावर ०.२ ते ०.३ मिमी फट दिसली पाहिजे. कमी-जास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा.

पहिल्या प्रयत्नासाठी फेंडरच्या पद्धतीची, चार स्क्रूंनी जोडायची नेक निवडा. नेक बिघडली तर बॉडी वाचते, आणि स्क्रू काढून दुसरी लावता येते. पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर ती फट पुन्हा तपासायला विसरू नका.