अँड्रॉइड प्रकरण : स्पर्धा कायदा आणि नवकल्पनेचा युक्तिवाद

अँड्रॉइड या मोबाइल कार्यप्रणालीच्या परवाना-अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलविरुद्ध चालवलेले प्रकरण. २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. गाजला तो दंडाचा आकडा. अभ्यासण्याजोगी गोष्ट मात्र ही, की दोन्ही बाजू नवकल्पनेचीच ढाल पुढे करत होत्या.

अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत आहे. तो कोणीही घ्यावा, बदलावा. प्ले स्टोअरचे तसे नाही, आणि त्याच्यावाचून फोन खपणे कठीण. ते हवे तर हँडसेट कंपनीने सर्च, क्रोम, यूट्यूब आदी ॲपचा अख्खा संच आधीच बसवून द्यायचा, सर्चची पट्टी होम स्क्रीनवर ठेवायची, शिवाय अँड्रॉइडची वेगळी काढलेली आवृत्ती (फोर्क) असलेले एकही उपकरण विकायचे नाही, अशा अटी होत्या. दहा मॉडेलांपैकी एकावर प्रयोग केला, तर उरलेली नऊ धोक्यात.

आवृत्त्या फुटल्या की एकच ॲप सगळ्या फोनांवर धड चालत नाही, आणि सर्चच्या कमाईवरच फुकट अँड्रॉइड उभे आहे, असा गूगलचा बचाव. तो अगदीच पोकळ म्हणता येत नाही. स्वस्त स्मार्टफोन घरोघरी पोचले त्यात या फुकटपणाचा वाटा आहेच. आयोगाने मात्र स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ वर बोट ठेवले : ग्राहकांचे अहित होईल अशा रीतीने तांत्रिक वा वैज्ञानिक विकास रोखणे हा प्रबळ स्थितीचा गैरवापर ठरतो, आणि फोर्कबंदीने तेच झाले.

खरी पंचाईत पुराव्याची. जी कार्यप्रणाली निघालीच नाही, ती किती सरस ठरली असती हे दाखवायचे कसे? युरोपीय आयोगाच्या २०१८ च्या निर्णयात (दंड ४.३४ अब्ज युरो) निदान ॲमेझॉनच्या फायर ओएस या अँड्रॉइड-फोर्कचा दाखला होता, ती वापरून उपकरणे काढण्यापासून काही मोठे उत्पादक या अटींमुळे अडले होते.

राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. प्रतिस्पर्धी ॲप-स्टोअरना प्ले स्टोअरमध्ये जागा देण्याचा निर्देश त्यांतलाच. वर्तनाच्या प्रत्यक्ष परिणामांची छाननी आवश्यकच, असेही न्यायाधिकरणाने बजावले. मार्च २०२४ मध्ये आलेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा नेमका उलट्या बाजूने जातो : निवडक बड्या कंपन्यांवर आधीच बंधने घालायची. त्यामुळे नवकल्पना खुंटेल, हाच त्यावरचा एक मुख्य आक्षेप आहे.